बांध किती सरकला? चुंबकातली मोजणी आणि आपल्या मुलांची प्रयोगवही



आज एक काम सांगतो. तुमच्या शाळेतली किंवा तुमच्या घरातली एखादी प्रयोगवही उघडा आणि ओहमच्या नियमाचा प्रयोग काढा. विभवांतर आणि विद्युतधारा यांची चार-पाच वाचनं दिसतील. शेवटच्या रकान्यात रोध असेल. बहुतेक वह्यांत तो पाचही ओळींत सारखाच सापडेल, दशांश चिन्हानंतरच्या अंकासकट. शेजारच्या बाकावरच्या मुलाची वही बघा, तिथेही तोच.

आता आपल्या प्रयोगशाळेचं कपाट आठवा. सेल अर्धे उतरलेले, तारांची टोकं गंजलेली, मीटरचा काटा शून्यावर टेकत नाही. अशा सामानातून पाच वेळा तंतोतंत सारखा रोध कसा येईल? तो प्रयोगातून आलेला नाही. उत्तर आधी ठरलं आणि वाचनं मागून भरली. मुलांना हे माहीत असतं, आपल्यालाही असतं, आणि वहीवर सही होते.

माझं म्हणणं असं आहे. वाचनात जो वेडेवाकडेपणा येतो तो आधी ओळखायला शिकवला पाहिजे. थोडा बाहेरून आलेला असतो, तो शोधून दूर करायचा. थोडा त्या वस्तूच्या स्वभावातच असतो, तो जसाच्या तसा लिहून ठेवायचा, कारण पुढचं विज्ञान बऱ्याचदा त्यातूनच निघतं. खोडरबर फिरवलं की दोन्ही एकदमच जातात आणि मुलाच्या हाती काहीच उरत नाही.

हे पटवून देण्यासाठी एक उदाहरण घेतो. ऐकायला ते फार वरच्या वर्गाचं वाटेल, पण त्यातलं गणित सातवीचं आहे: चाल म्हणजे अंतर भागिले वेळ.

लोखंडाच्या आतली वावरं

बारावीच्या भौतिकशास्त्रात 'डोमेन' हा शब्द येतो. मुलं व्याख्या पाठ करतात आणि पुढे जातात. आपल्या भागातल्या मुलाला तो सांगायला फार लांब जायची गरज नाही.

डोंगरावरून खाली बघितलं की शिवार कसं दिसतं? एका वावरात तासं उभी, शेजारच्या वावरात आडवी, मध्ये बांध. लोखंडाच्या आत असंच आहे. प्रत्येक अणू म्हणजे जणू एक बारीक चुंबक. एका वावरातले सगळे अणू एका दिशेला तोंड करून, शेजारच्या वावरातले दुसऱ्या दिशेला. या एकेका वावराला डोमेन म्हणतात, आणि मधल्या बांधाला डोमेनची भिंत. साध्या खिळ्यात वावरं चहूकडे तोंड करून असतात, एकमेकांचा परिणाम पुसला जातो, म्हणून खिळा दुसऱ्या खिळ्याला ओढत नाही. ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर वाइस यांनी १९०७ मध्ये मांडली, तेव्हा कुणी असं वावर डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

चुंबक जवळ आणला की काय होतं? ज्या वावराची दिशा चुंबकाला जुळते ते वाढायला लागतं आणि शेजारचं आकसतं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर एक जण बांध कोरतो. बांध कोरण्यावरून आपल्याकडे किती भांडणं होतात ते वेगळं सांगायला नको. मुलांना ही उपमा एका वाक्यात कळते.

उपमा कुठे थांबते तेही लगेच सांगा. शेतात बांध कोरला की माती हलते. लोखंडात कुठलाही अणू जागचा हलत नाही. काठावरचे अणू फक्त तोंड फिरवतात, मग त्यांच्या पुढचे, मग त्यांच्या पुढचे. हलते ती सीमा. आणि ती सीमाही रेघेसारखी बारीक नसते. साध्या लोखंडात तिची रुंदी शेकडो अणूंइतकी असते आणि तेवढ्या रुंदीत दिशा हळूहळू वळत जाते.

हा बांध किती वेगाने सरकतो याच्याशी आपला काय संबंध, असं कुणी विचारेल. त्याने गावाच्या कडेच्या डीपीजवळ उभं राहून बघावं. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात पातळ पोलादी पत्र्यांची चळत असते, एकेक पत्रा साधारण पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर जाडीचा. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणजे त्या पत्र्यांतल्या बांधांना सेकंदाला १०० वेळा दिशा बदलावी लागते. त्या ओढाताणीत पत्रे किंचित लांब-आखूड होतात आणि तीच गुणगुण आपल्याला ऐकू येते. रात्री गावात कुणाचाच दिवा चालू नसला तरी ती थांबत नाही, आणि तेवढी वीज उष्णता होऊन वाया जाते. पत्रे पातळ का करायचे, पोलादात सिलिकॉन का मिसळायचं, हे सगळं ती गळती कमी करण्यासाठी. 

न दिसणाऱ्या बांधाची मोजणी

शेताच्या मोजणीला भूमी अभिलेखचे लोक येतात, खुणा शोधतात, अंतर घेतात. इथे मोजणी कशी करायची?

अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत सिक्स्टस आणि टाँक्स या दोघांनी १९३१ मध्ये एक साधी युक्ती केली. निकेल आणि लोखंडाच्या मिश्रधातूची तार ताणून धरली. तिच्यावर ठराविक अंतरावर दोन कॉइल बसवल्या. ताणलेल्या तारेत असा एकच मोठा बांध एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळवता येतो. तो पहिल्या कॉइलखालून गेला की तिच्यात विजेचा एक झटका, दुसरीखालून गेला की दुसरा. दोन झटक्यांमधला वेळ मोजला, कॉइलमधलं अंतर माहीत होतंच, भागाकार केला. शाळेच्या क्रीडा स्पर्धेत आपण १०० मीटरला जे करतो तेच.

तार सोडून पातळ थरात हेच करायचं झालं तर प्रकाशाची मदत घेतात. याची गोष्ट शिक्षकांनी तर जरूर वाचावी अशी आहे. जॉन केर हे स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या अध्यापक विद्यालयात गणित शिकवत. म्हणजे आपल्या डी.एड. कॉलेजसारख्या ठिकाणचे प्राध्यापक. शिकवणं सांभाळून ते प्रयोग करत. १८७७ मध्ये त्यांनी दाखवलं की एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश चुंबकाच्या चकचकीत पृष्ठभागावरून परावर्तित झाला की त्याचं प्रतल अगदी किंचित वळतं. किती किंचित? एका अंशाचाही लहानसा भाग. पण चुंबकत्वाची दिशा उलटली की वळणही उलटतं. त्यामुळे योग्य गाळणी लावलेल्या सूक्ष्मदर्शकातून एक वावर उजळ दिसतं, दुसरं काळपट, आणि मधला बांध दिसतो.

आजही पातळ चुंबकीय थरांतली मोजणी बहुतेक याच तत्त्वावर चालते. क्रम असा:

१. मोठं चुंबकीय क्षेत्र लावून पूर्ण थर एकाच दिशेला वळवायचा. पाटी कोरी.

२. उलट दिशेचा छोटा झटका देऊन एक लहानसं वावर तयार करायचं आणि फोटो काढायचा.

३. ठराविक ताकदीचा, ठराविक वेळेचा झटका द्यायचा. बांध सरकतो आणि झटका संपला की थांबतो. पुन्हा फोटो.

४. दुसऱ्या फोटोतून पहिला वजा करायचा. धूळ, ओरखडे, दिव्याचा कमी-जास्त उजेड हे दोन्ही फोटोंत सारखं असतं, ते निघून जातं. उरतो फक्त सरकलेला पट्टा.

५. पट्ट्याची रुंदी एकाच ठिकाणी न मोजता अनेक ठिकाणी मोजायची, सरासरी काढायची, वेळेने भागायचं.

समजा २ मिलिसेकंदाचे ६ झटके दिले आणि बांध एकूण २४ मायक्रोमीटर सरकला. १२ मिलिसेकंदात २४ मायक्रोमीटर, म्हणजे सेकंदाला २ मिलिमीटर. हे गणित सातवीतलं पोर सोडवेल.

पण एकदा भागाकार करून हे लोक थांबत नाहीत. झटका चालू होताना आणि बंद होताना थोडा वेळ जातो, म्हणजे 'दोन मिलिसेकंद' हे नेमके दोन नसतात. म्हणून ते कमी-जास्त वेळेचे झटके देतात, वेळ आणि अंतर यांचा आलेख काढतात आणि रेषेच्या चढावरून चाल काढतात. सुरुवातीची चूक प्रत्येक वाचनात सारखी असते, ती चढात शिरत नाही. साध्या लंबकाची एकाऐवजी २० आंदोलनं मोजायला आपण सांगतो, त्यामागेही असाच विचार आहे. मुलांना हे कारण सांगता का, की फक्त 'वीस मोजा' म्हणता?

खरखर ऐकून घेणारा माणूस

आता मुद्द्याची गोष्ट. बांध सरळ, एकसारखा सरकत नाही.

१९१९ मध्ये जर्मनीत हाइनरिश बार्कहाउझेन यांनी लोखंडाभोवती कॉइल गुंडाळली, ती प्रवर्धकाला जोडली आणि चुंबक हळूहळू जवळ नेला. चुंबक एकसारखा सरकत होता, म्हणजे आवाजही एकसारखा यायला हवा. ऐकू आली ती खरखर, तडतड. लोखंडाचं चुंबकत्व सुळकन न वाढता धक्क्याधक्क्याने वाढत होतं. आत बांध कुठे अडकत होता, कुठे सुटत होता. शेतातही बांध कोरताना बाभळीचं खोड किंवा मोठा धोंडा आला की नांगर अडतो, तसंच. पोलादातले दोष, अशुद्धी, स्फटिकांच्या कडा हे ते धोंडे.

आपल्या प्रयोगवहीच्या सवयीचा माणूस तिथे असता तर त्याने काय केलं असतं? 'यंत्रात बिघाड आहे' म्हणून खरखर बाजूला टाकली असती आणि वहीत गुळगुळीत वक्ररेषा काढली असती. वाइस यांची वावरं तोवर कागदावरच होती. त्यांच्या बाजूने मिळालेल्या सुरुवातीच्या प्रत्यक्ष पुराव्यांत ही खरखर मोजली जाते. आज त्याला 'बार्कहाउझेन परिणाम' म्हणतात, आणि पोलादी भागांत ताण आहे का हे तो भाग न तोडता तपासायला तीच खरखर वापरतात.

पुढचा टप्पा आणखी सुंदर आहे. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी प्लॅटिनमच्या दोन थरांमध्ये कोबाल्टचा थर ठेवला. थराची जाडी सुमारे अर्धा नॅनोमीटर, म्हणजे जेमतेम दोन-तीन अणूंची. त्यात कमी ताकदीचं क्षेत्र लावून बांधाची चाल मोजली. आपल्या मनात साधं त्रैराशिक असतं: जोर दुप्पट, तर चाल दुप्पट. तिथे तसं काहीच नव्हतं. क्षेत्र थोडंसं वाढवलं तरी चाल कितीतरी पट वाढत होती. जोर कमी असताना बांध धोंड्यांपाशी अडकून बसतो आणि उष्णतेच्या बारीक धडपडीने कधीतरी सुटतो. त्या रांगत्या चालीला सिद्धान्ताने एक नियम आधीच सुचवला होता, आणि मोजलेली वाचनं त्या नियमावर बसली. अशा थरांत एकच बांध कमी क्षेत्रात गोगलगाईहून हळू रांगतो आणि जास्त क्षेत्रात सेकंदाला कित्येक मीटर धावतो.

ही वाचनं कुणी 'त्रैराशिकात बसत नाहीत' म्हणून दुरुस्त केली असती, तर नियम सापडला असता का?

अलिबागची वेधशाळा आणि आपला काळा दगड

'मग सगळाच वेडेवाकडेपणा जपायचा का?' असं तुम्ही म्हणाल. नाही. त्याचं उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे.

मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं. ट्रामच्या विजेमुळे चुंबकसूया हलणार आणि वाचनं बिघडणार. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्यापुढे दोन वाटा होत्या. ट्रामचा परिणाम अंदाजाने वजा करत राहणं, किंवा वेधशाळा हलवणं. त्यांनी ती अलिबागला नेली. तिथली इमारत चुंबकीय धातू टाळून बांधली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचनं घेतली, जुनी आणि नवी नोंद नीट जोडता यावी म्हणून. मग कुलाब्याचं चुंबकीय काम थांबवलं.

हे मला फार मोलाचं वाटतं. गोंधळ बाहेरचा आहे हे ओळखलं, त्याचं कारण शोधलं आणि कारण दूर केलं. वाचनाला कुणी हात लावला नाही.

दुसरं उदाहरण तर आपल्या पायाखाली आहे. तीर्थपुरीच्या शिवारातली काळी माती ज्या काळ्या दगडापासून झाली तो बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात चुंबकीय खनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा थंड होताना त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा त्या कणांत गोठली. १९५० च्या दशकात लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजच्या आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या दगडांतली ही दिशा मोजली. त्यावरून कळलं की हा लाव्हा वाहिला तेव्हा आपली जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. खंड सरकतात या कल्पनेला त्या मोजणीने बळ दिलं.

पण सगळ्याच कणांची आठवण पक्की नसते, आणि इथे आपला बांध पुन्हा येतो. मोठ्या कणात अनेक वावरं असतात, बांध सहज सरकतात, आठवण लवकर पुसली जाते. फार बारीक कणाला बांधच नसतो, एकच वावर, म्हणून आठवण टिकते. त्याहूनही बारीक झाला तर उष्णतेनेच दिशा डळमळते. मग कोणत्या दगडावर विश्वास ठेवायचा? ते तपासण्यासाठी टाटा संस्थेतल्या लिखिते, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी दगडांचा हिस्टेरिसिस वक्र काढणारं यंत्र तयार केलं आणि १९६५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. चुंबकीय क्षेत्र वाढवून-कमी करून दगड कसा मागे-पुढे होतो ते त्यात दिसतं. साक्षीदाराची साक्ष लिहिण्याआधी त्याची स्मरणशक्ती तपासावी, तसं हे काम.

वर्गात काय करता येईल

केर यांचा सूक्ष्मदर्शक आपल्याकडे येणार नाही. पण पद्धत येऊ शकते. तीन प्रयोग सुचवतो. पैसे जवळजवळ लागत नाहीत.

पहिला, सहावी-सातवीसाठी: वाळलेली माती किंवा गोदाकाठची वाळू कागदावर पसरा. चुंबकाला पातळ प्लास्टिकची पिशवी गुंडाळून त्यावरून फिरवा. काळे बारीक कण चिकटतील. आता मुलांना विचारा, हे कण दगडातले कशावरून? वेल्डिंगच्या दुकानासमोरची माती घेतली तर? मग तीन-चार ठिकाणची माती आणायला लावा: रस्त्याकडची, वावराच्या मधली, नदीची. बाहेरचा गोंधळ कसा ओळखायचा याचा पहिला धडा झाला.

दुसरा, आठवी ते दहावीसाठी: वर्तमानपत्राची २ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर लांब पट्टी कापा. पेन्सिलने दर सेंटिमीटरला रेघ मारा. शाई मिसळलेल्या पाण्यात खालचं टोक बुडवून पट्टी उभी टांगा. मोबाईल पुस्तकांच्या चळतीवर पक्का ठेवा, तो अजिबात हलता कामा नये. दर अर्ध्या मिनिटाला एक फोटो, एकूण दहा मिनिटं. मग फोटो बघून ओलाव्याची कड किती वर गेली ते डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशा तीन जागी मोजा. दोन फोटोंतलं अंतर भागिले ३० सेकंद, म्हणजे चाल.

मुलांना काय दिसेल? कड वाकडीतिकडी आहे. तिन्ही जागची वाचनं वेगळी. वर जाता जाता चाल कमी होते. कागदाच्या तंतूंत कड कुठे अडते, कुठे पटकन पुढे जाते. पातळ थरातल्या बांधाचा हा अगदी जवळचा भाऊबंद आहे, आणि खडबडीत माध्यमातून सरकणाऱ्या अशा सीमांचा अभ्यास भौतिकशास्त्रात एकत्रच केला जातो. एक अडचणही येईल. काही शाईंचा रंग मागे राहतो आणि पाणी पुढे जातं. मग कोणती कड मोजायची? ते मुलांनीच ठरवावं, आधी ठरवावं आणि वहीत लिहावं. 'मी नेमकं काय मोजलं' हे वाक्य आपल्या प्रयोगवहीत मी क्वचितच पाहिलंय.

तिसरा, शिक्षकांनी स्वतः करून दाखवायचा: जुन्या रिलेची बारीक तारेची, हजारभर वेढ्यांची कॉइल घ्या. तिच्या मधल्या पोकळीत गवंडी सळया बांधायला वापरतात त्या तारेचे तुकडे घाला. कॉइलची दोन टोकं बॅटरीवर चालणाऱ्या स्पीकरच्या माईकच्या पिनेला जोडा. घरातल्या विजेशी कुठेही जोड नको. आवाज आधी कमी ठेवा आणि चुंबक अगदी सावकाश जवळ न्या. खरखर ऐकू आली पाहिजे. मग तारेचे तुकडे काढून तेच करा. मग लोखंडाऐवजी तांब्याची तार घालून करा. खरखर थांबली तर ती लोखंडाची होती. पंखा किंवा ट्यूब जवळ असेल तर एक सलग भणभण येईल, ती बाहेरची. कॉइल लांब न्या. कुलाब्याहून अलिबागला जाणं ते हेच.

मार्कांचं काय?

हा प्रश्न स्टाफरूममध्ये हमखास येतो आणि तो खोटा नाही. दहावीला विज्ञानाचे दोन्ही पेपर मिळून ८० गुण आणि प्रात्यक्षिकाचे २०. कुठलेच पालक ते २० सोडायला तयार नसतात. शिक्षकालाही वाटतं, पोराचं नुकसान का करायचं? त्यात एकेका वर्गात साठ-सत्तर मुलं, तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा, साहित्य एका संचाचं. खरी वाचनं घ्यायची म्हटली तर वेळ कुठून आणायचा?

मी या अडचणी रोज बघतो, म्हणून उपायही आवाक्यातलेच सांगतो.

सगळे प्रयोग खरे करा असं मी म्हणत नाही. वर्षातले चार निवडा आणि तेवढे मात्र पूर्ण खरे करा. गट पाडा, प्रत्येक गटाने एकच वाचन घ्यायचं आणि फळ्यावर लिहायचं. दहा गटांची दहा वाचनं फळ्यावर आली की पसारा आपोआप दिसतो, आणि तास त्याच पसाऱ्यावर चालतो.

वाचन पेनाने लिहायचं, पेन्सिलने नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे आणि शेजारी कारण. खोडरबर फक्त आकृतीसाठी.

निष्कर्षाखाली दोन ओळी सक्तीच्या करा: 'कोणतं वाचन वेगळं आलं?' आणि 'ते बाहेरच्या कारणाने आलं की वस्तूमुळेच, हे मी कसं तपासलं?' अंतर्गत गुणांत या दोन ओळींना वजन द्या. तंतोतंत उत्तराला वेगळे गुण नकोत.

पालकांनाही दोन शब्द. वर्ष संपत आलं की भरलेली प्रयोगवही फोटो काढून गटागटांत फिरते, आणि रात्री आई-वडीलही ती उतरवून द्यायला बसतात. प्रेमापोटीच बसतात, हे मला कळतं. पण त्या रात्री पोर काय शिकतं ते बघा. बघितलेलं लिहायचं नसतं, अपेक्षित असेल ते लिहायचं असतं. उद्या तेच पोर माती परीक्षणाचा अहवाल लिहील, दवाखान्यात रक्तदाब नोंदवील, धरणाची पाणीपातळी कळवील, जालन्याच्या एखाद्या कारखान्यात सळईची ताकद तपासून शिक्का मारील. तिथे बसवलेला आकडा मार्कांपुरता राहत नाही. त्या सळईवर कुणाचं तरी घर उभं राहतं.

म्हणून मूल प्रयोग करून घरी आलं की 'बरोबर आलं का?' असं विचारू नका. 'काय आलं?' असं विचारा. आणि त्याने 'एक वाचन जरा वेगळंच आलं' असं सांगितलं तर काळजी करू नका. पुढचा प्रश्न विचारा: 'मग तू काय केलंस?'

शिक्षक मित्रांनो, या सत्रात निदान एक वही अशी तपासा जिच्यात पाच वाचनं पाच वेगळी आहेत आणि मुलाने ती तशीच ठेवली आहेत. त्या वहीवर सही करताना शेरा लिहा, आणि ती वही वर्गाला दाखवा. ओलाव्याच्या पट्टीचा प्रयोग केलात तर तुमच्या मुलांचे आकडे आम्हाला जरूर पाठवा. वाकडेतिकडे असतील तसेच पाठवा.